उशिराचा गहू, ओलं रान आणि निम्मीच उगवण: दरवर्षीचं हे दुखणं नेमकं कुठं आहे

दरवर्षी नोव्हेंबर सरत आला की तेच रडगाणं. सोयाबीन काढायला उशीर झालेला असतो, परतीचा पाऊस लांबलेला असतो नाहीतर अवकाळी येऊन कोसळतो, काळं रान चिंब, आणि रस्त्यानं येता-जाता शेजाऱ्याचा गहू हिरवागार उगवलेला दिसतो, मग जीव राहत नाही आणि आपण ट्रॅक्टर घालतो. पंधरा दिवसांनी बांधावर उभं राहिलं की वावर म्हणजे उंदरानं कुरतडलेली गोधडी. दोन तास (पेरणीच्या ओळी) दाट, चार तास गायब, खोलगट कोपरा तर सगळाच मोकळा.

मी हे स्वतः तीनदा भोगलंय. निफाड तालुक्यात गोदाकाठची भारी काळी जमीन आहे, पाणी एकदा मुरलं की सोडायचं नाव घेत नाही. २०१९ ला ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागला तरी पाऊस हटत नव्हता तेव्हा पहिल्यांदा फसलो. २६ नोव्हेंबर २०२३ ला अवकाळी आणि गारा झाल्या त्यानंतर परत. मधे एका वर्षी तर पाऊस नसताना, नुसत्या पाटाच्या पाझरानं. पहिल्या दोन्ही वेळेला बियाण्याला शिव्या घातल्या, पेरणीवाल्याशी भांडलो. तिसऱ्या वेळी डोकं शांत ठेवून खुरपं घेतलं आणि तासात बसून उकरत गेलो, तेव्हा कळलं की बियाणं चांगलंच होतं, त्याला आपणच गाडलं होतं.

म्हणून आधी घाईचा हिशेब मांडू, कारण सगळी चूक तिथून सुरू होते. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर, आणि त्याच्या पुढं दर पंधरवड्याला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल उत्पादन घटतं हे आपल्याकडे सगळेच सांगतात. ऐकायला भयंकर वाटतं. पण एकराला आणि दिवसाला भागा की. अडीच क्विंटल म्हणजे एकरी एक क्विंटल, भागिले पंधरा, दिवसाला साडेसहा-सात किलो. म्हणजे वापशासाठी, रान पेरण्याजोगं सुकण्यासाठी, पाच दिवस थांबलात तर एकरी ३५ किलोच्या आसपास गेले. आता दुसरी बाजू बघा, चिखलात पेरून तिसरा हिस्सा उगवलाच नाही तर किती गेले? एकरी १२-१५ क्विंटल निघणारं रान असेल तर तिथं किलोत नाही, क्विंटलात मोजावं लागतं. पाच दिवसांचा तोटा दिसत नाही म्हणून भीती वाटते, आणि चिखलाचा तोटा दिसेपर्यंत पंधरा दिवस गेलेले असतात, सगळी गंमत इथंच आहे.

थांबायचं म्हणजे किती, तर त्यालाही शेवट आहे. १५ डिसेंबरनंतर गहू परवडत नाही. तेव्हा दाणा भरायच्या वेळेला मार्चचं ऊन येतं, पारा तिशीच्या वर गेला की दाणा दुधातच सुरकुततो, ओंबी दिसायला छान आणि मळणीला पोतं हलकं. त्यामुळं २५ नोव्हेंबरला रान ओलं असेल तर बिनधास्त थांबा, १० डिसेंबरला ओलं असेल तर गव्हाचा नाद सोडायचा विचार करा, मधल्या दिवसांत खालचं सगळं बघून ठरवा.

वापसा आहे का नाही ते कसं बघायचं

काळं रान फसवतं. वरून भुरकट होतं, ढेकळाला केसासारख्या भेगा पडतात, चाललं तर बुटाला काही लागत नाही, आणि चार बोटं खाली नुसतं लोणी. म्हणून वरची माती हातात घेऊन "आलाय वापसा" म्हणायचं नाही. पेरणी यंत्राचा फण जिथपर्यंत जाणार त्याच्याही दोन बोटं खालची माती काढा, म्हणजे तीन-चार इंचांवरची. मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटून चार-सहा तुकडे झाले तर चला पेरायला. थप्पकन पडून चपटा झाला, नाहीतर पडूनही तसाच गोल राहिला, तर घरी जा आणि चहा प्या.

अजून एक खात्रीची टेस्ट म्हणजे तीच माती तळहातावर घोळून वळी करायची. उदबत्तीच्या काडीसारखी बारीक, न तुटता वळी होत असेल तर माती अजून ओली आहे. वळी करताना तडकून तुटायला लागली की समजा जमलं. हे वावरात एकाच जागी नाही करायचं हो, वरच्या अंगाला एकदा, मधे एकदा आणि खालच्या कोपऱ्यात एकदा. माझ्या रानात वरचा भाग आणि खालचा कोपरा यांच्यात पाच ते सात दिवसांचा फरक असतो. पूर्वी मी वरचा भाग तयार झाला की सगळंच पेरून टाकायचो, ट्रॅक्टरवाला एकदाच येतो म्हणून. आता खालचा पाऊण एकर सरळ मागं ठेवतो. दुसऱ्यांदा बोलवायचे पैसे जातात पण जाऊ देत.

आणि ही शेवटची खूण, पेरायला सुरुवात केल्यावर पहिलं एक तास, म्हणजे एक ओळ, झालं की ट्रॅक्टर थांबवून खाली उतरायचं, फणाने पाडलेली काकरी बोटानं उघडून तिच्या दोन्ही भिंती बघायच्या. भिंत चकाकतेय का? थापीनं लिंपल्यासारखी गुळगुळीत दिसतेय का? तशी असेल तर तिथंच थांबा. ही लिंपलेली भिंत वाळली की वीट होते, कोवळी मुळी आडवी जातच नाही, काकरीतल्या काकरीतच खाली-वर फिरते. वरून ती काकरी बुजतही नाही, आणि पुढं रान वाळून आकसलं की नेमकी तिथंच फाकते आणि आतलं रोप उघड्यावर पडतं. उगवलेला गहू महिन्यानं खुरटलेला दिसतो, आपण युरिया ओततो, आणि खरं कारण पेरणीच्या दिवशीच झालेलं असतं.

उगवला नाही तर उकरा, अंदाज बांधू नका

नोव्हेंबरात सहा-सात दिवसांत कोंब वर दिसतो, डिसेंबरच्या थंडीत आठ-दहा दिवस धरा, निफाडकडे तर पारा चांगलाच उतरतो तेव्हा अजून एक-दोन दिवस. बाराव्या दिवशी जिथं मोकळं दिसतंय तिथं हातभर तास हळूच उकरायचं. काय सापडतं त्यावर सगळं ठरतं.

बी मऊ पडलंय, चिमटीत धरलं की पिठाळ पाणी बाहेर येतं, वास मारतो, तर ते कुजलंय. बी पाणी पिऊन फुगलं पण मातीत हवाच नव्हती म्हणून गुदमरलं, आणि मग बुरशीनं खाल्लं. हे बहुतेक खोलगट जागेत आणि ट्रॅक्टरच्या चाकाच्या वळणावर दिसतं. यावर आता औषध नाही, फवारणी-आळवणी सांगणाऱ्याचं ऐकू नका, मेलेलं बी उठत नाही.

बी उगवलंय, कोंब पांढरा-पिवळा आहे पण मातीखाली घडी पडल्यासारखा वाकडा झालाय, तर दोन शक्यता. वर कडक पापुद्रा बसलाय, नाहीतर बी फार खोल गेलंय. पट्टीनं मोजा. आपल्या बुटक्या वाणांचा कोंब ६-७ सेंमीच्या पुढून वर यायला धडपडतो, आणि भुसभुशीत केलेल्या ओल्या रानात फण आपल्याच वजनानं ८-९ सेंमी बुडतो हे कुणाच्या लक्षातच येत नाही. खोली बरोबर असेल तर पापुद्रा. पापुद्र्यावर मात्र उपाय आहे, पुढं सांगतो.

बी वरच पडलंय, काकरी उघडी आहे, आणि आजूबाजूला पाखरांच्या पायांचे ठसे आहेत, तर काकरी बुजली नाही. होले आणि चिमण्या सकाळी सकाळी तासातून सरळ रेषेत चालत जातात, बघत राहावं असं दृश्य असतं खरं तर, स्वतःचं वावर नसेल तर.

आणि चौथी गोष्ट, उकरलं तर बीच नाही. ना कुजलेलं, ना उगवलेलं, काहीच नाही. सलग एका तासात वीस-तीस फूट असं असेल तर नळी बंद पडली होती. माझ्याकडे पहिल्या दोन वेळेला सगळ्यात जास्त हेच झालं होतं आणि मी बियाण्याची उगवणशक्ती खराब म्हणून तक्रार करायला निघालो होतो. नशीब की घरात उरलेल्या पिशवीतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, ९१ उगवले, मग गप्प बसलो.

यंत्रात काय बिघडतं

ओल्या रानात पेरणी यंत्राचं पहिलं दुखणं म्हणजे नळीच्या तोंडाशी चिखलाचा बूच. हा बूच चालता चालता कमी बसतो, तो बसतो उतरवताना आणि वळताना. ट्रॅक्टर उभा असताना यंत्र खाली टेकवलं, किंवा फण जमिनीत असतानाच जरा मागं घेतलं, की सगळ्या नळ्यांत माती घुसली म्हणून समजा. ड्रायव्हरला पेरणी सुरू करण्याआधी एवढंच सांगा की गाडी पुढं सरकायला लागल्यावर यंत्र हळूच सोड, आणि उचलल्याशिवाय रिव्हर्स अजिबात नाही. निम्म्या नांग्या (तासातल्या मोकळ्या जागा) इथंच टळतात. आणि एक माणूस मागं चालता ठेवा, यंत्रावर बसलेला नको, चालता. हातात एक लवचिक काडी, प्रत्येक टोकाला यंत्र उचललं की सगळी तोंडं बघायची. पारदर्शक नळ्या असतील तर बी पडताना दिसतं, जुन्या काळ्या नळ्या असतील तर बदलून घ्या, एवढा खर्च फुकट जात नाही.

दुसरं दुखणं चाकाचं, आणि हे जास्त लबाड आहे कारण ते दिसत नाही. यंत्राचं जे खुंट्यांचं चाक जमिनीवर फिरून बी सोडतं ते चिखलात घसरतं. घसरलं की फिरत नाही, फिरलं नाही की बी नाही. शिवाय चाकाला चिखलाचा थर बसतो आणि त्याचा घेर वाढतो. हिशेब करून बघा, चाकाचा घेर १.६ मीटर आहे आणि दोन इंच चिखल चिकटला तर घेर १.९ मीटर होतो. मग तेवढ्याच अंतरात चाक कमी वेळा फिरणार, एकरी ५० किलो लावलेलं यंत्र प्रत्यक्षात ४२ किलोच टाकणार. पेटीत बी उरलं की आपल्याला आनंद होतो, "वाचलं बघ", अन् ते वाचलेलं नसतं.

म्हणून सेटिंग घरीच करून निघा. यंत्र जॅकवर किंवा हायड्रॉलिकवर उचला, नळ्यांखाली ताडपत्री घाला, चाक हातानं २० वेळा फिरवा आणि पडलेलं बी तोला. नऊ फणांचं, साडेबावीस सेंमी अंतराचं यंत्र असेल तर रुंदी दोन मीटरला जरा वर, घेर १.६ मीटर असेल तर २० फेऱ्यांत ३२ मीटर, म्हणजे ६५ चौरस मीटरच्या आसपास. एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, तर ५० किलोसाठी ताडपत्रीवर साधारण ८०० ग्रॅम पडायला पाहिजे. तुमच्या यंत्राचा घेर दोरीनं मोजा आणि आकडे बदला. प्रत्येक नळीचं बी वेगळ्या डब्यात पकडलं तर अजून चांगलं, बी सोडणारा कुठला रोलर झिजलाय ते तिथंच कळतं. वावरात गेल्यावर दर दोन-तीन फेऱ्यांना चाकाचा चिखल खरवडायचा. खरवडणं सारखं सारखं करावं लागत असेल तर त्याचा अर्थ वापसा नाही, यंत्र तुम्हाला तेच सांगतंय.

तिसरं, बीजप्रक्रिया. थायरम किलोला ३ ग्रॅम लावाच, ओल्या रानात तर नक्की, आणि ॲझोटोबॅक्टर व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) १० किलोला प्रत्येकी २५० ग्रॅम, आधी बुरशीनाशक मग जिवाणू. पण गुळाच्या पाण्यात कालवलेलं बी नीट सावलीत सुकवलं नाही तर ते पेटीत एकमेकाला चिकटून बसतं, रोलर नुसता फिरतो आणि मधूनच घपकन गठ्ठा पडतो. दाट-विरळ, दाट-विरळ असा गहू उगवलेला दिसला तर बहुतेक हे कारण. काही जण बी रात्रभर भिजवून पेरतात, उशिराच्या गव्हाला दोन-तीन दिवस लवकर उगवतो म्हणून. कोरडवट रानात ठीक आहे, पण ज्या रानात आधीच ओल जास्त आहे तिथं मी नाही भिजवत, आणि कोंब टोकाला दिसायला लागलेलं बी यंत्रात घातलं तर तुटतंच.

मागची फळी काढून टाका. एरवी ती ढेकळं बसवते आणि काकरी बुजवते, ओल्यात मात्र रान लिंपून टाकते, वर ऊन पडलं की चकचकीत पापुद्रा तयार. त्याऐवजी बाभळीची एखादी काटेरी फांदी मागं बांधा, जुनी माणसं तिफणीमागं ओढायची तशी. हसतात लोक, हसू देत. साखळीचे दोन तुकडे लोंबकळत सोडले तरी चालतं.

ट्रॅक्टर जेवढा हलका तेवढा बरा. पन्नास एचपीचा धूड घेऊन सहा फुटी यंत्र ओढायची काही गरज नाही, चाकाची हवा जरा कमी करा म्हणजे टायर पसरून चालेल आणि रुतणार नाही. मात्र कंपनीनं दिलेल्या मर्यादेखाली उतरवू नका, टायरच्या बाजू फाटतात. वळणं वावराच्या बाहेर घेता आली तर घ्या. बैलाची तिफण मिळत असेल आणि वावर एकर-दीड एकराचं असेल तर मी म्हणेन तीच घाला, चाड्यावर मूठ धरणारा हात चांगला असेल तर उगवण यंत्राच्या तोंडात मारते. अडचण एकच, तसा हात आता गावात एखादाच उरलाय.

खोली, बी आणि खत

एरवी आपण ५-६ सेंमी खोल पेरतो. ओल भरपूर असेल तर ३-४ सेंमी पुरे, ओलीसाठी बी खाली नेण्याचं कारणच उरलेलं नसतं, उलट वर हवा असते. यंत्राच्या बाजूच्या चाकांनी खोली बांधून घ्या, ड्रायव्हरच्या लिव्हरवर सोडू नका.

बियाणं वेळेवरच्या पेरणीला एकरी ४०-५०, उशिराला ५०-६० किलो. कारण उशिराच्या गव्हाला फुटवे फुटायला वेळ मिळत नाही, जे रोप उगवलं तेच ओंबी देणार. अंतरसुद्धा साडेबावीसऐवजी १८ सेंमी ठेवायचं सांगतात, ते फ्रेमवरचे क्लॅम्प ढिले करून फण सरकवले की जमतं, फक्त यंत्राची पेरायची रुंदी कमी होते, नऊ फणांचं दोन मीटरवरून एक मीटर साठ-बासष्टवर येतं, त्यामुळं मघाचा ८०० ग्रॅमचा हिशेब परत करा. काही जण निम्मं बी उभं आणि निम्मं आडवं पेरतात. कोरड्या रानात सुंदर पीक दिसतं तसं, ओल्या रानात करू नका, ट्रॅक्टर दुप्पट फिरला म्हणजे रान दुप्पट दाबलं.

खताचं मी हेक्टरी ९०:६०:४० किलो (नत्र, स्फुरद, पालाश) या हिशेबानं धरतो, वेळेवरच्या १२०:६०:४० पेक्षा नत्र कमी. एकराला म्हणजे डीएपी ५२ किलो, पोटॅश २७ किलो आणि युरिया एकूण ५८ किलो. यातला युरिया पेरणीला २० किलोच्या आत आणि बाकीचा पहिल्या पाण्याला. बियाच्या नळीतून युरिया सोडायचा नाही, ओल्या बंद काकरीत तो बियाला भाजतो. आणि पाणी साचलेलं असताना युरिया फेकणं म्हणजे पैसे फेकणं, हवा नसलेल्या मातीत नत्राचा वायू होतो आणि निघून जातो, काही खाली झिरपतं.

वाणाचं थोडक्यात, उशिरासाठी एनआयएडब्ल्यू ३४ किंवा अकोल्याचा एकेएडब्ल्यू ४६२७, आणि वेळेवर-उशिरा दोन्हीला चालणारा फुले समाधान. हा एनआयएडब्ल्यू ३४ आमच्या निफाडच्या संशोधन केंद्राचाच. बन्सी गहू उशिरा अजिबात नको. घरचं बी वापरणार असाल तर ते शंभर दाण्यांचं गोणपाट आधी करा, नंतर नाही.

पेरलंय, आणि वरून पाऊस आला

हे सगळ्यात वाईट. पहिलं काम पाणी काढणं, आणि ते दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. फावडं घेऊन खालच्या बांधाला जागा करा, सारे (लांबट वाफे) पाडलेले असतील तर प्रत्येक साऱ्याचं तोंड फोडा. उगवणाऱ्या बियावर दोन-तीन दिवस पाणी उभं राहिलं की ते गेलंच. शेजाऱ्याच्या वावरात पाणी जाईल म्हणून तोंड फोडत नाहीत बरेच जण, त्यावर उपाय पावसाळ्याआधी बांधावर बसून बोलणं, पाऊस पडताना नाही.

पाऊस उघडून ऊन पडलं आणि पापुद्रा धरला तर कोंब वर यायच्या आत तो मोडायचा. तुषारचा सेट असेल तर वीस मिनिटं-अर्धा तास हलकं पाणी द्या, पापुद्रा मऊ होतो आणि कोंब दोन दिवसांत बाहेर पडतो. ओल्या रानाला परत पाणी द्यायचं हे विचित्र वाटतं पण हे पाणी वरच्या अर्ध्या इंचासाठी आहे, खाली मुरेपर्यंत चालवत बसू नका. तुषार नसेल तर दाताळ्यानं अगदी वरवर ओरखडा काढा, तासाला आडवं, बी न हलवता. पाटाचं पाणी सोडायचं नाही, त्यानं दुसरा पापुद्रा बसतो.

उगवण झाल्यावर मीटरभर लांबीची काठी घ्या, वावरात दहा ठिकाणी तासावर ठेवा आणि रोपं मोजा. ५० किलो बी आणि १८ सेंमी अंतर असेल तर मीटरमध्ये साधारण ५५ दाणे पडलेले असतात. ४० च्या पुढं रोपं असतील तर छान. २५-३० असतील तरी मी मोडत नाही, नत्राचा दुसरा हप्ता वेळेवर देतो आणि पुढं जातो. १५-२० च्या खाली असेल तर तेवढा तुकडा हातानं काकरी पाडून भरून घ्यायचा, तोही १५ डिसेंबरच्या आत. सगळं वावर मोडून परत पेरायचं मी एकदाच केलं, त्यात ना वेळ राहिली ना पैसा.

तीन आठवड्यांनी खालची पानं पिवळी दिसली की लगेच युरिया आणि पाणी अशी आपली सवय. गव्हाला १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, तेव्हा पाणी चुकवू नये हे खरंच आहे, पण ते रान सुकलं असेल तर. आधी उपटून मुळं बघा. मुळं तपकिरी, आखूड आणि खाली न जाता आडवी पसरलेली असतील तर त्याला पाणी नकोय, हवा पाहिजे. चार-पाच दिवस थांबा, तासातून हातकोळपं फिरवता आलं तर फिरवा, नवीन पांढरी मुळं दिसली की मग नत्र आणि बेताचं पाणी. अशा उशिराच्या कोवळ्या गव्हावर मावा आणि तांबेराही जास्त येतो, तेव्हा नत्राचा अतिरेक करून पीक लुसलुशीत करू नका.

दरवर्षीच का होतं

माझ्याकडे याचं उत्तर निम्मं रोटाव्हेटरमध्ये निघालं. सोयाबीन निघालं की लगेच रोटाव्हेटर मारून रान "तयार" करून ठेवायचो, आणि त्यावर पाऊस पडला की ते भुसभुशीत रान स्पंजासारखं पाणी धरून बसायचं. बाजूचं न हलवलेलं, सोयाबीनची थोटकं उभी असलेलं रान मात्र आठवड्याभरात पाय ठेवण्यासारखं व्हायचं. वरून ओल्यात रोटाव्हेटर फिरवला की पात्यांच्या खाली पाच-सहा इंचांवर लिंपलेला थर बसतो, पाणी तिथंच अडतं. दरवर्षी एकाच खोलीवर, दरवर्षी ओल्यात, म्हणजे फरशी घातल्यासारखंच. सब्बल घेऊन खोचून बघा, हात कुठं अडतो ते समजेल.

तर आता मी दोन गोष्टी करतो. पाऊस संपल्याची खात्री होईपर्यंत रान हलवत नाही. गरज पडली तर वखराची एक हलकी पाळी, वरची दोन बोटं माती मोकळी होईल एवढीच, तीही वरची माती सुकल्यावर. गेल्या दोन वर्षांत तर पाऊण एकरात सोयाबीनच्या थोटकांतच सरळ पेरलं, काही मशागत न करता. फण जरा अडकतात, पालापाचोळा ओढला जातो, पण ट्रॅक्टर रुतत नाही. तण मात्र लवकर येतं, चाकवत आणि हराळी, हे आधी सांगून ठेवतो. दुसरं म्हणजे मे महिन्यात, रान पूर्ण वाळलेलं असताना सबसॉयलर (खोल जाणारं नांगरासारखं अवजार) मारून तो थर फोडला. हे ओल्यात मारून काही होत नाही, नुसती चीर पडते.

बाकी निम्मं उत्तर पाण्याच्या वाटेत. खालच्या अंगाला दोन फूट खोल चर काढला आणि तो नाल्याला जोडला, पाटाच्या बाजूनं पाझर अडवायला अजून एक. ज्यांचं सगळंच रान सखल आहे त्यांनी सोयाबीन बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंब्यावर घ्यावं आणि ते वरंबे न मोडता त्यावरच गहू पेरावा, सरीतून पाणी निघून जातं आणि वरंबा आधी वापशाला येतो.

आणि एखादा तुकडा सगळं करूनही दरसाल तसाच राहत असेल, वाळल्यावर वर पांढरट दिसत असेल, नाहीतर ओला असताना साबणासारखा निसरडा आणि वाळल्यावर दगड होत असेल, तर तो नुसता ओला नाही, क्षारपड किंवा चोपण व्हायला लागलाय. माती परीक्षण करून सामू (पीएच) आणि विनिमययोग्य सोडियम बघून घ्या. चोपण असेल तर जिप्सम, पण चर आधी, कारण जिप्समनं सुटलेला सोडियम बाहेर जायला वाट नसेल तर तो तिथंच राहणार. माझा खालचा कोपरा तसाच निघाला. तिथं यंदा गहू नाहीच, फेब्रुवारीपर्यंत तसाच ठेवून चाऱ्याची मका टाकणार आहे, आणि ट्रॅक्टरवाल्याला तसं आत्ताच सांगून ठेवलंय, नाहीतर तो सवयीनं तिथंपण यंत्र खाली सोडतो.